उन्हाशिवायचा रंग : एका माहितीपत्रकाच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी

काम ठरलं. पांढरे डाग असलेल्यांच्या आमच्या मदतगटासाठी सेल्फ-टॅनरवर, म्हणजे उन्हात न जाता त्वचेला तपकिरी रंग देणाऱ्या लोशनवर, माहितीपत्रक काढायचं. चार पानं, मोठा टाइप. गटात दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, ‘हे लावलं तर त्वचेला काही होत नाही ना?’ आणि उत्तरं दोन टोकांची येतात. एक जण म्हणतो, नुसती साखर आहे, बिनधास्त लावा. दुसरा म्हणतो, केमिकल आहे, कॅन्सर होतो. विचारणारी व्यक्ती होती तिथेच राहते.

लिहायचं मी. वैद्यकीय बाजू तपासायची गटाच्या डॉक्टर मॅडमनी. आणि प्रत्येक मसुदा आधी वाचायचा माझ्या धाकट्या बहिणीनं. तिच्या दोन्ही हातांवर सात वर्षांपासून डाग आहेत. तिची अट आजच नोंदवून ठेवते : "ताई, ‘रुग्ण’ हा शब्द घातलास तर मी पुढे वाचणार नाही."

११ जानेवारी

दोन दिवस नुसतं वाचन. जवळजवळ सगळ्या सेल्फ-टॅनरमध्ये रंग आणणारा घटक एकच असतो : डायहायड्रॉक्सिॲसिटोन. यापुढे डीएचए म्हणते. तीन कार्बनची छोटी साखर. ग्लुकोनोबॅक्टर नावाच्या जिवाणूंच्या मदतीनं ग्लिसरीनपासून ती बनवतात. गंमत अशी की तिला स्वतःचा रंग नाही. पांढरी पूड, पाण्यात विरघळली की दिसेनाशी होते. पण त्वचेच्या अगदी वरच्या थरातल्या प्रथिनांशी, त्यांतल्या अमिनो आम्लांशी गाठ पडली की हळूहळू तपकिरी संयुगं तयार होतात, त्यांना मेलॅनॉइडिन म्हणतात. पाव भाजताना त्याची कड तपकिरी होते ती याच जातीची प्रक्रिया. लुई-कामीय मेलार्द या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती १९१२ मध्ये मांडली.

रंग त्वचेतच तयार होत असल्यामुळे पाण्यानं धुऊन जात नाही. आणि मेलॅनिनशी, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या रंगद्रव्याशी, त्याचं नातं नावातल्या अक्षरांपुरतंच. हे वाक्य मसुद्यात अधोरेखित करून ठेवलंय, पुढे लागणार आहे.

इतिहास वाचताना मात्र एका ठिकाणी थांबलेच. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी इथे ईव्हा विटगेनस्टाइन या संशोधिका ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) साठून राहण्याचा विकार असलेल्या मुलांना डीएचए तोंडावाटे देऊन अभ्यास करत होत्या. मुलंच ती. औषध सांडायची, थुंकायची. अंगावर जिथे थेंब पडले तिथे काही तासांनी त्वचा तपकिरी व्हायची, कपड्यांवर मात्र डाग नाही. हे बाईंच्या नजरेत आलं. त्यांनी ते द्रावण स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिलं. १९६० मध्ये हेलन बेरी यांच्यासह त्यांचा लेख ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि त्याच वर्षी कॉपरटोन कंपनीचं क्यूटी नावाचं लोशन अमेरिकेत बाजारात आलं. पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं : या रंगाचा पांढऱ्या डागांसाठी काही उपयोग होईल का, यावरही तेव्हाच संशोधन सुरू झालं होतं.

रात्री बहिणीला फोनवर हे सांगितलं. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे हे आपल्यासाठीही होतं, पहिल्यापासून. हे पहिल्या पानावर घे."

घेतलं.

१५ जानेवारी

वाचून समाधान होईना. रंग नेमका कुठे बसतो हे डोळ्यांनी पाहायचं होतं. ज्याच्यावर डीएचएचं प्रमाण छापलंय असं लोशन मुद्दाम शोधलं (बहुतेकांवर छापलेलं नसतं, ही माझी पहिली तक्रार). प्रमाण ५ टक्के. चार दिवसांपूर्वी कोपराच्या आत थेंबभर लावून पाहिलं होतं. खाज नाही, पुरळ नाही.

आज डाव्या हाताच्या आतल्या बाजूला पेननं चार चौकोन आखले, २ सेंटिमीटर बाजूचे. पहिला कोरा ठेवला. उरलेल्या तिघांत कापसाच्या काडीनं लोशन.

रात्री ८.०० : लावलं. ८.३० : काही नाही. १०.०० : पिवळसर छटा आहे असं वाटतंय, कदाचित मीच शोधतेय म्हणून. ११.३० : आता शंका नाही. वासही येतोय, खरपूस, आणि त्याच्यामागे किंचित शिळा. लोशनमधलं अत्तर या वासापुढे टिकत नाही.

१६ जानेवारी

सकाळी तिन्ही चौकोन तपकिरी, जरा नारिंगीकडे झुकलेले. भिंगातून पाहिलं तर रंग एकसारखा नाही. त्वचेवरच्या बारीक रेघांच्या जाळीत तो गडद आहे, प्रत्येक केसाच्या मुळाशी एक ठिपका, आणि जाळीच्या मधल्या कप्प्यांत फिका. काल मनगटाकडे एक थेंब ओघळला होता, तिथली सुरकुती काळपट रेघ होऊन बसलीय. ज्या दोन बोटांनी काडी धरली ती नखांच्या कडेनं पिवळी. साबणानं तीनदा धुतली, जात नाहीत.

वरचा मृत थर जिथे जाड तिथे रंग जास्त धरतो : कोपरं, गुडघे, बोटांची पेरं, तळवे. पत्रकात टाकायच्या सूचना आपोआपच मिळाल्या. पेरांवर आधी साध्या मॉइश्चरायझरचा पातळ हात. लोशन काडीनं, डागाच्या आतच, कडेपासून केसभर आत थांबून, कारण ते थोडं पसरतं आणि बाहेरच्या त्वचेवर गेलं की तीही गडद होऊन कड आणखी उठून दिसते. शेवटी हात लगेच धुवायचे.

१८ जानेवारी

आजचा दिवस या कामातला सगळ्यात चांगला.

पारदर्शक चिकटपट्टी घेतली. दुसऱ्या चौकोनावर एक तुकडा दाबून बसवला, ओढून काढला, पांढऱ्या कागदावर चिकटवला. त्याच जागी नवा तुकडा. पुन्हा ओढला. असं करत गेले.

पहिल्या तुकड्यावर फिकट तपकिरी भुकटी आली. तिसऱ्या-चौथ्यावर रंग सगळ्यात दाट, भिंगाखाली तर माशाच्या खवल्यांसारखे पातळ पापुद्रे स्पष्ट दिसतात, प्रत्येक तपकिरी. सातव्यापासून फिका पडायला लागला. दहाव्यानंतर हातावरचा चौकोन आजूबाजूच्या त्वचेच्या रंगावर आला, फक्त लालसर. चौदाव्याला चुरचुरलं, तिथे थांबले. चौदावा तुकडा जवळजवळ स्वच्छ होता.

ते चौदा तुकडे ओळीनं चिकटवलेला कागद माझ्या समोर आहे. तपकिरीपणा डावीकडून उजवीकडे विरत गेलाय. रंग होता तो या पापुद्र्यांत, आणि हे पापुद्रे म्हणजे मेलेल्या पेशी. साधारण पंधरा-वीस थर एकावर एक, सगळे मिळून मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतके जाड. ते रोज आपोआप सुटत असतात. म्हणून रंग पाच-सात दिवसांत उतरतो, कुणी काही केलं नाही तरी. त्वचातज्ज्ञांनी १९६० च्या सुमारालाच चिकटपट्टीनं हे करून पाहिलं होतं. मला ते माझ्या हातावर पाहायचं होतं.

एक दुरुस्ती मात्र मसुद्यात करून ठेवते, नाहीतर मी पहिल्या टोकाच्या माणसासारखं बोलेन. रंग मृत थरात तयार होतो हे खरं. लावलेला सगळाच्या सगळा डीएचए तिथेच अडतो, हे खरं नाही. थोडा अंश खाली जिवंत पेशींपर्यंत उतरतो. म्हणूनच प्रमाणाला मर्यादा घालावी लागते.

२१ जानेवारी

बहिणीला कागदाचा फोटो पाठवला. लगेच फोन आला. "ताई, रंग नीट बसला नाही तर असा काढून टाकता येईल? मी करू का?"

नाही, नाही आणि नाही. पांढरे डाग असलेल्या अनेकांच्या त्वचेला जिथे घासलं, खरचटलं, ओरबाडलं तिथे नवा डाग उमटू शकतो. याला कोबनर परिणाम म्हणतात. चिकटपट्टीनं थर ओढून काढणं म्हणजे त्याला निमंत्रण. म्हणून तर हा प्रयोग तिच्यावर केला नाही.

मग तिनं विचारलं, "पण बाटलीवर तर लिहिलंय, लावायच्या आधी स्क्रब करून मृत त्वचा काढा."

हे मला सुचलंच नव्हतं. सेल्फ-टॅनरच्या जवळपास प्रत्येक सूचनेत पहिली पायरी हीच असते, कारण सगळीकडचा थर सारखा झाला की रंग सारखा बसतो. ज्यांना डाग नाहीत त्यांच्यासाठी ठीकच आहे. आमच्या वाचकांसाठी हीच ओळ सगळ्यात धोक्याची. लोशनमधला घटक निर्धोक असला तरी ते लावण्याची पद्धत अपाय करू शकते, आणि ‘सुरक्षित आहे का’ या प्रश्नात लोक ती धरतच नाहीत.

पत्रकात ठळक : खरखरीत स्क्रब, दगड, काथ्या, जाड टॉवेल नको. कोमट पाणी, मऊ फडकं, टिपून कोरडं करणं. रंग थोडा ठिपक्याठिपक्यांचा बसला तरी चालेल.

२४ जानेवारी

‘कॅन्सर होतो’ या बाजूला काय आधार आहे ते आज नीट पाहिलं, कारण घाबरलेल्या माणसाला ‘काही होत नाही’ म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही.

२००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला : प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचापेशींवर डीएचए टाकलं तर त्यांच्या डीएनएला इजा होते, पेशींची वाढ थांबते, काही मरतात. हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. पण त्या बशीतल्या पेशी जिवंत आणि उघड्या असतात. त्यांच्यावर मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस थर नसतात. माझ्या हातावर ते होते, चौदा पट्ट्या त्यांच्याच तर होत्या. अखंड त्वचेवर लावलेल्या डीएचएमुळे माणसांना कर्करोग झाल्याचा पुरावा नाही. साठ वर्षांहून जास्त काळ लोक ते लावतायत.

युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीनं २०२० मध्ये पुन्हा तपासणी करून सेल्फ-टॅनरमध्ये १० टक्क्यांपर्यंत डीएचए सुरक्षित मानलं, आणि २०२२ पासून तिथल्या कायद्यात तीच कमाल मर्यादा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७० च्या दशकापासून त्याला परवानगी दिलीय, पण फक्त अंगावर बाहेरून लावायला. ओठ, डोळ्यांचा भाग, नाका-तोंडाच्या आतली ओलसर त्वचा या जागा त्या परवानगीत येत नाहीत. श्वासातून आत घ्यायला आणि गिळायला तर नाहीच.

ही यादी वाचताना कागदावरचे तुकडे डोळ्यांसमोर आले. ज्या जागा वगळल्यात तिथे एकतर हा कोरडा मृत थर नसतोच, नाहीतर फार पातळ असतो.

मॅडमना पाठवलं. उत्तर : ‘हाच धागा धरून लिही.’

२७ जानेवारी

फवारणीवर छोटं टिपण. बंद खोलीत अंगभर फवारा मारतात तेव्हा तोच डीएचए धुक्यासारखा हवेत असतो. गटातल्या एका मुलीनं सांगितलं : तिला फक्त "डोळे मिटा आणि श्वास रोखा" एवढंच सांगितलं गेलं. बाहेर आल्यावर नाक शिंकरलं तर रुमालावर तपकिरी. रात्रभर खोकत होती, तिला आधीपासून दमा.

पत्रकात : डोळ्यांना चष्मा, ओठांवर जाड मलम, नाकात गाळणी, खोलीत हवा खेळती. एवढं द्यायला कुणी तयार नसेल तर उठून यायचं. दमा असेल तर फवारा नकोच, लोशन किंवा फोम हातानं लावावा. खरं तर आमच्यासाठी फवाऱ्याचं काही कामच नाही. डागापुरता रंग हवा असताना अंगभर फवारून फरक तसाच राहतो, फक्त एक छटा खाली सरकतो.

३० जानेवारी

उन्हाचा भाग. तीन दिवस टाळत होते.

गेल्या वर्षीचं आहे. सेल्फ-टॅनरची पहिली बाटली तिला मीच आणून दिली होती. दोन रात्री लावलं आणि तिसऱ्या दिवशी तिचे दोन्ही हात एकाच रंगाचे दिसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं अर्ध्या बाह्यांचा ड्रेस बाहेर काढला आणि दिवसभर बाहेर फिरून आली. रात्री हात दाखवायला माझ्याकडे आली. डाग होते तेवढ्याच जागा लाल झाल्या होत्या, नकाशावर प्रदेश रंगवावेत तशा नेमक्या. वरचा तपकिरी रंग तसाच होता, त्याच्याखालून लाली दिसत होती. सकाळी फोड आले. मी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं, आता माझी त्वचाही बाकीच्यांसारखी झाली."

बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की यात सनस्क्रीन नाही. मी ते वाचलं नव्हतं. हे पत्रक त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात आहे.

आता कारण लिहिते. डागाच्या जागी रंगपेशी नाहीत, म्हणून मेलॅनिन नाही. त्वचेत शिरणाऱ्या अतिनील किरणांपैकी बरेचसे मेलॅनिन शोषून घेतं आणि पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं धरलेलं असतं. डीएचएचा तपकिरी रंग दिसायला तसाच, पण तो असतो वरच्या कोरड्या पापुद्र्यांत, आणि अतिनील किरण अडवण्यात फार दुबळा. मोजणी केल्यावर त्याचं संरक्षण एसपीएफ (सनस्क्रीनचं संरक्षण मोजायचा आकडा) ३-४ च्या आसपास भरतं, तेही लावल्यानंतर थोडे तासच. रंग आठवडाभर दिसत राहतो, संरक्षण तोवर टिकत नाही. माझ्या बहिणीला फसवलं ते याच फरकानं.

अमेरिकेत सनस्क्रीन नसलेल्या टॅनिंग उत्पादनांवर तसा स्पष्ट इशारा छापणं बंधनकारक आहे. छापलेला असतो. फक्त बाटली उलटी करून वाचावी लागते.

आणखी एक गोष्ट. २००८ मधल्या एका प्रयोगात डीएचए लावलेल्या त्वचेच्या नमुन्यांवर अतिनील किरण सोडले तर न लावलेल्या त्वचेपेक्षा बरेच जास्त मुक्त मूलक तयार झाले. हे मूलक पेशींना इजा करतात. प्रयोगातलं प्रमाण २० टक्के होतं, म्हणजे आज युरोपात चालतं त्याच्या दुप्पट, आणि तो जिवंत माणसांवर केलेला नव्हता. त्यामुळे त्यावरून भीती घालणार नाही. पण लावल्यानंतरचा एक पूर्ण दिवस कडक उन्हात जाऊ नका, हे सांगायला तेवढा आधार मला पुरेसा वाटतो. रात्री लावायचं, दुसरा दिवस शक्यतो घरात किंवा सावलीत.

३ फेब्रुवारी

बहिणीनं मसुदा परत पाठवला. उन्हाच्या भागावर लाल पेननं मोठी काट. समासात : ‘ताई, हे वाचून कुणीही बाटली फेकून देईल. मी फेकली नाही. मी आजही लावते.’

खरंच आहे. जळलेल्या हातांचं वर्णन मी एवढं लांबवलं होतं की बाकी काही उरतच नव्हतं. फोनवर बोलणं झालं. ती म्हणाली, "मला उन्हाची भीती नकोय, वेळापत्रक हवंय." मग दोघींनी मिळून चौकट लिहिली :

‘रात्री रंग. सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, डागांवर आधी आणि भरपूर. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. डाग दिसत नसला तरी तो तिथेच आहे.’

शेवटचं वाक्य तिचं. ‘भरपूर’ म्हणजे किती हे मी खाली लहान टाइपात घातलं : एसपीएफचा आकडा काढताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात, आपण सहसा त्याच्या निम्मंही लावत नाही. पातळ थर दिला की बाटलीवरचा आकडा मिळत नाही.

६ फेब्रुवारी

गेल्या वर्षीची ती बाटली बहिणीच्या कपाटात सापडली, अर्धी भरलेली. नवी आणि जुनी शेजारी ठेवून पाहिल्या. नवं लोशन पांढरंशुभ्र. जुनं पिवळट, पातळ झालेलं, झाकण उघडताच आंबूस वास. पीएचच्या, म्हणजे आम्लता मोजायच्या, पट्ट्या बुडवल्या (आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) : नव्याचा ५ च्या जवळ, जुन्याचा ४ च्याही खाली. डीएचए साठवणीत, विशेषतः उष्णतेत, हळूहळू विघटन पावतं, त्यातून आम्लं तयार होतात आणि फॉर्मल्डिहाइडही. फॉर्मल्डिहाइड त्वचेला ॲलर्जी आणणाऱ्यांत नावाजलेलं. जुनी बाटली टाकून दिली, बहिणीनं कुरकुर केली तरी.

पत्रकात : उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. रंग किंवा वास बदलला की टाका.

८ फेब्रुवारी

गटात आज ‘टॅनिंग गोळ्या आणि इंजेक्शनं’ असा संदेश फिरला. पत्रकात यावर चार ओळी हव्यातच.

गोळ्यांत कॅन्थाझँथिन हा रंग असतो. खाण्याच्या पदार्थांत तो अगदी थोडा वापरतात, पण त्वचा रंगवायची तर मात्रा कितीतरी जास्त लागते आणि मग त्याचे स्फटिक डोळ्याच्या पडद्यावर साचतात. इंजेक्शनं आणि नाकात मारायचे फवारे म्हणजे मेलॅनोटॅन-२. औषध म्हणून कुठेही मान्यता नसलेलं, बाटलीत नक्की काय आणि किती आहे याचा भरवसा नसलेलं. मळमळ होते, अंगावरचे तीळ गडद होतात, बदलतात. शिवाय आमच्यासाठी ते उलटंच काम करणार : ते रंगपेशींना कामाला लावतं, आणि डागात रंगपेशीच नाहीत. आजूबाजूची त्वचा गडद होईल आणि डाग आणखी पांढरा दिसेल. टॅनिंग बेडचंही (अतिनील दिव्यांखाली झोपून त्वचा गडद करायचं यंत्र) तेच, वर कर्करोगाचा धोका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ मध्ये त्या यंत्रांना कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय.

हे सगळं ‘टॅनिंग’ या एकाच नावाखाली बोललं जातं, म्हणून अंगावर लावायच्या साध्या लोशनचीही बदनामी होते. पत्रकात वेगळ्या पानावर घेतलंय, शेजारी नको.

१२ फेब्रुवारी

मॅडमच्या दुरुस्त्या आल्या.

ॲलर्जी. डीएचएची स्वतःची ॲलर्जी होते, पण क्वचित. लोशननं अंगावर उठलं तर बहुतेकदा कारण अत्तर किंवा टिकवण्यासाठी घातलेली रसायनं असतात. म्हणून बिनवासाचं घ्यावं, आणि आधी कोपराच्या आत थेंब लावून दोन दिवस थांबावं. एक रात्र पुरत नाही, ॲलर्जी उशिरा उठते.

तीळ. सेल्फ-टॅनरनं तिळांचा रंग बदललेला दिसतो, डॉक्टरांच्या भिंगाखालीही. तपासणीला जाताना लावलंय हे सांगायचं, शक्यतो आठवडाभर आधी लावूच नये.

प्रकाश-उपचार. हा मुद्दा मी पूर्ण विसरले होते. अनेक जण डागांवर अतिनील प्रकाशाचा उपचार घेत असतात. डीएचएचा थर दुबळा असला तरी थोडे किरण अडवतो. सोरायसिसच्या उपचारात तर निरोगी त्वचा वाचवण्यासाठी त्याचा मुद्दाम वापर करून पाहिलाय. म्हणजे ज्या डागापर्यंत प्रकाश पोचवायचा त्याच्यावरच आपण पडदा ओढणार. उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

कापलेली, सोललेली, इसब उठलेली त्वचा, नुकतीच दाढी किंवा वॅक्सिंग केलेली जागा : तिथे नको. इथे मला कारण लिहावं लागलं नाही. पट्ट्यांच्या कागदाचा फोटो त्याच पानावर आहे.

मॅडमनी शेवटी लिहिलंय : ‘पहिल्या पानावर सरळ उत्तर हवं. लोक तिसऱ्या पानापर्यंत येत नाहीत.’ ते वाक्य आठ वेळा लिहिलं. आत्ता असं आहे : ‘हातानं लावायचं सेल्फ-टॅनर, अखंड त्वचेवर, ताज्या बाटलीतलं, डोळे-ओठ-नाक सोडून, निरोगी माणसासाठी सुरक्षित आहे. ते उन्हापासून वाचवत नाही.’ बहिणीनं ‘निरोगी माणसासाठी’ खोडून ‘आपल्यासाठीही’ असं केलं. मॅडमना विचारलं. त्यांनी होकार दिला.

१७ फेब्रुवारी

प्रूफ आलं. दोन चुका : ‘डीएचए’चं एका ठिकाणी ‘डीएनए’ झालंय (नेमकं त्याच पानावर, अर्थच पालटला असता) आणि सनस्क्रीनची चौकट घडीवर येतेय. चौकट वर सरकवली.

संध्याकाळी बहीण आली. पत्रक समोर ठेवून तिनं सूचनांप्रमाणे सगळं केलं, मी फक्त बघत बसले. कोमट पाण्यानं हात धुतले, टिपले. पेरांना मॉइश्चरायझर. मग कापसाची काडी. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला अंगठ्याजवळ तिचा एक लांबट डाग आहे, कड वेडीवाकडी. त्या कडेनं काडी फिरवताना ती श्वास रोखून होती. दोनदा म्हणाली, "‘केसभर आत’ हे नीट समजत नाही, चित्र टाक." एकदा म्हणाली, "‘थोडं’ म्हणजे किती? मुगाच्या दाण्याएवढं लिही." दोन्ही लिहून घेतलं. दहा मिनिटं हात हवेत धरून बसली.

१८ फेब्रुवारी

सकाळी ७.१० : रंग बसलाय. कड दिसते, पण हातभर अंतरावरून नाही. तिनं खिडकीपाशी जाऊन दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

७.२० : तिला दिवसभर घरात राहायला जमणार नाही, काम आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आणि हातांच्या मागे सनस्क्रीन, डागांवर आधी. पुढच्या फेरीसाठी ९.२० चा गजर तिनंच लावला.

९.३४ : तिचा संदेश आला. ‘लावलं, ताई.’